नियम चौथा: शर्ट, चड्डी वगैरे

फुटबॉलचे नियम एकूण सतरा. त्यातल्या अकराव्यावर, म्हणजे ऑफसाइडवर, जगभर भांडणं होतात, मैत्र्या तुटतात आणि मध्यरात्री युरोपातला सामना बघून उठलेली माणसं जिन्यात उभी राहून अख्ख्या इमारतीची झोपमोड करतात. बाराव्यावर, म्हणजे फाउल आणि गैरवर्तनावर, पंचांचे आईवडील निघतात. चौथ्याकडे मात्र कुत्रं फिरकत नाही. तो खेळाडूच्या कपड्यांबद्दल आहे. मी तो सावकाश, हातात पेन्सिल धरून वाचला आणि माझं ठाम मत झालं की सतरा नियमांत सगळ्यात जास्त माणसं याच नियमात दडलेली आहेत.

वरवर पाहिलं तर दडण्यासारखं त्यात काही नाही. खेळाडूच्या अंगावर पाच गोष्टी सक्तीच्या: बाह्या असलेला शर्ट, चड्डी, मोजे, शिनगार्ड आणि पादत्राणं. या वस्तू वेगवेगळ्या असाव्यात असंही तिथं म्हटलंय. इथं पेन्सिल थांबते. शर्ट आणि चड्डी वेगवेगळे असावेत हे घोड्याएवढ्या माणसांना सांगावं का लागलं? आणि शर्टाला बाह्या असतात हे कुणाला ठाऊक नव्हतं?

या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. कॅमेरून.

2002 साली मालीमध्ये झालेल्या आफ्रिकन नेशन्स कपमध्ये कॅमेरूनचा संघ बिनबाह्यांचे हिरवे शर्ट घालून उतरला. हे पूमा कंपनीचं डोकं. आफ्रिकेतला उकाडा आणि त्या खेळाडूंचे दंड पाहता कल्पना वाईट नव्हती, आणि कप त्यांनीच जिंकला. मग त्याच वर्षी जपान-कोरियातला वर्ल्ड कप आला आणि फिफानं हात आडवा घातला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की हा शर्ट नाही, हे बनियन आहे. आपल्याकडे चाळीच्या गॅलरीत बनियनवर बसणाऱ्या तमाम गृहस्थांना हा भेद लहानपणापासून माहीत असतो, फिफाला तो 2002 साली कळला. शेवटी त्या शर्टांना काळ्या बाह्या जोडून कॅमेरूननं वर्ल्ड कप खेळला.

माणसानं एवढ्यावर थांबावं. पण दोन वर्षांनी ट्युनिशियातल्या आफ्रिकन नेशन्स कपमध्ये हाच संघ, हीच कंपनी, आणि या खेपेला शर्ट-चड्डी एकत्र शिवलेला एकसंध पोशाख. प्रतिस्पर्ध्याला शर्ट धरून ओढता येऊ नये ही त्यामागची कल्पना. मध्यंतराच्या पंधरा मिनिटांत हा पोशाख घालून संडासला कसं जायचं, याचा विचार शिवणाऱ्यानं केला होता की नाही, ते माझ्या वाचनात आलेलं नाही. फिफानं कॅमेरूनच्या फुटबॉल संघटनेला दोन लाख स्विस फ्रँक दंड ठोकला आणि 2006 च्या वर्ल्ड कप पात्रता फेरीतले सहा गुण कापले. सहा गुण म्हणजे दोन विजय. चड्डी शर्टाला जोडली म्हणून दोन सामने न खेळताच हरले. पूमा कोर्टात गेली, बोलणी झाली आणि त्याच वर्षी ते गुण परत मिळाले. ते कॅमेरूनला तसे उपयोगी पडले नाहीत, कारण शेवटच्या सामन्यात शेवटच्या क्षणी पेनल्टी हुकली आणि वर्ल्ड कप हुकला. पण ती हळहळ वेगळ्या नियमाखाली येते.

तर असं आहे. या नियमातला साधा वाटणारा शब्द खरवडला की खालून कुणीतरी उपद्व्यापी निघतो. ही परंपरा थेट पहिल्या दिवसापासूनची. 1863 साली लंडनच्या फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये बसून इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननं पहिले तेरा नियम केले. खेळाडूनं काय घालावं याबद्दल त्यात अवाक्षर नाही. रंग नाही, चड्डी नाही, काही नाही. तेराव्या नियमात एवढंच: बाहेर आलेले खिळे, लोखंडी पट्ट्या किंवा गटापर्चा नावाचा रबरासारखा कडक चीक बुटाच्या तळव्याला वा टाचेला लावून कुणी खेळू नये. म्हणजे त्याआधी लोक खिळे घेऊन येत होते. ज्या सभ्य गृहस्थांनी हा नियम लिहिला त्यांच्या नडग्या तेव्हा नक्कीच ठणकत असणार, त्याशिवाय इतका नेमका मजकूर सुचत नाही.

नडगीचा विषय निघालाच आहे तर तिथं जरा टेकू, कारण सबंध नियमात खरोखर सुरक्षेची म्हणावी अशी सक्तीची वस्तू एकच आहे, ती म्हणजे शिनगार्ड. 1874 साली नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या सॅम वेलर विडोसननं ते पहिल्यांदा बांधलं. विडोसन क्रिकेटही खेळायचा. त्यानं क्रिकेटचे पॅड कापून लहान केले आणि मोज्यांच्या वरून पट्ट्यांनी आवळले. पाहणाऱ्यांना गंमत वाटली असणार. पण ज्या काळात समोरच्याच्या नडगीवर लाथ मारणं हे कौशल्य समजलं जाई, त्या काळात नडगी वाचवण्याची कल्पना निघाली हेच मोठं. पुढं शिनगार्ड मोज्याच्या आत गेलं, सुटसुटीत झालं. सक्तीचं कधी झालं? 1990 साली. मधली एकशे सोळा वर्षं ज्याची नडगी त्यानंच सांभाळली. एवढ्या काळात मंडळी काय करत होती? तर 1904 साली इंग्लंडच्या असोसिएशननं फर्मान काढलं होतं की खेळाडूंच्या चड्ड्यांनी गुडघे झाकलेले असावेत. गुडघ्याखाली जे व्हायचं ते होवो, गुडघा दिसता कामा नये.

आणि सक्तीचं झाल्यावर काय झालं? खेळाडूंनी शिनगार्ड लहान करायला घेतलं. नियम म्हणतो, ते योग्य अशा पदार्थाचं असावं, वाजवी संरक्षण देणारं असावं आणि मोज्यांनी झाकलेलं असावं. माप कुठेच नाही. जिथं माप नाही तिथं माणूस काय करतो हे आपल्या महाराष्ट्रात वेगळं सांगायला नको, आपल्या बाल्कन्या बघाव्यात. बघता बघता शिनगार्ड ग्लुकोज बिस्किटाएवढं झालं. इंग्लंडचा जॅक ग्रीलिश मोजे घोट्यापर्यंत उतरवून, पोटऱ्या उघड्या टाकून खेळतो, तेव्हा त्या मोज्यात शिनगार्ड आहे हे आपण श्रद्धेनं मानायचं असतं. तपासणारा रेफ्रीही श्रद्धेनंच मानतो. अखेर 2024 साली नियमकर्त्यांनी एक वाक्य वाढवलं: शिनगार्डचा आकार आणि योग्यता ही खेळाडूची जबाबदारी. वाक्य वाचून मला आपल्या एसटीतली पाटी आठवली, प्रवाशांनी आपल्या सामानाची काळजी स्वतः घ्यावी.

आता याच नियमाचा दुसरा भाग वाचा. शर्टाच्या आत दुसरा शर्ट घातला असेल तर त्याचा रंग बाहीच्या मुख्य रंगासारखा हवा. चड्डीखाली घट्ट चड्डी घातली असेल तर तिचा रंग वरच्या चड्डीच्या मुख्य रंगासारखा किंवा चड्डीच्या तळच्या भागासारखा, आणि एका संघातल्या सगळ्यांच्या आतल्या चड्ड्या एकाच रंगाच्या. मोज्यावरून चिकटपट्टी गुंडाळली असेल तर तीही मोज्याच्या त्या भागाच्या रंगाची. इथं 'वाजवी' नाही, 'योग्य' नाही, 'खेळाडूची जबाबदारी' नाही. हाड मोडू शकतं तिथं सगळं तुमच्या मर्जीवर, आणि चिकटपट्टीचा रंग मात्र कायद्यानं. आंतरराष्ट्रीय फुटबॉल असोसिएशन बोर्ड नावाचं मंडळ हे ठरवतं. 1886 पासूनचं. त्यात इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांना एकेक मत, फिफाला चार मतं आणि बदलाला सहा मतं लागतात. आतली चड्डी कुठल्या रंगाची असावी यावर अशा आठ मतांचं मंडळ बसवून एकमत होतं, आणि आपल्याकडे पाच माणसांच्या गृहनिर्माण संस्थेत पाण्याच्या टाकीच्या झाकणावर होत नाही.

मोज्यांच्या बाबतीत इंग्लंडच्या काही खेळाडूंनी शोधलेली पळवाट मला मनापासून आवडते. मोजे पोटरीला फार आवळतात म्हणून ते मागच्या बाजूनं कात्रीनं भोकं पाडतात. बुकायो साका, ज्यूड बेलिंगहॅम, सगळे लाखो पौंडांचे धनी आणि मोज्यांना पैशाएवढी भोकं. आपल्या आयांनी हे पाहिलं तर लागलीच सुईदोरा घेऊन बसतील. मोज्याला भोक असू नये असं चौथ्या नियमात नाही. अजून.

पादत्राणांची गोष्ट मात्र आपल्या घरची आहे, आणि ती आपण नेहमी चुकीची सांगतो. 1911 साली मोहन बागाननं ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला 2-1 हरवून आयएफए शील्ड जिंकली, तेव्हा बागानच्या अकरापैकी दहाजण अनवाणी होते. बूट घातलेले एकटे सुधीर चटर्जी. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपण फ्रान्सशी खेळलो तेव्हाही बरेचसे अनवाणी. दोन पेनल्ट्या घालवल्या आणि 2-1 हरलो. पेनल्टी अनवाणी मारली म्हणून गेली, असं कुणी म्हणू नये. बूट घालून पेनल्ट्या बाहेर मारणाऱ्यांची यादी फार मोठी आणि फार कीर्तिमान आहे. त्यानंतर 1950 चा वर्ल्ड कप. गटातल्या बाकीच्यांनी माघार घेतल्यानं आपल्याला जागा मिळाली होती, आणि आपण गेलो नाही. कारण विचारा, कुठल्याही पानपट्टीवर एकच उत्तर: फिफानं अनवाणी खेळायला मनाई केली. ही कथा इतकी गोड आहे की तिला हात लावायला जीव धजत नाही. पण त्या संघाचे कर्णधार शैलेन मन्ना यांनीच पुढं सांगितलं की अनवाणीचं कारण हे पांघरूण होतं. खरी गोष्ट अशी की त्या काळी आपल्या संघटनेला ऑलिंपिक मोठं आणि वर्ल्ड कप म्हणजे काय ते नीटसं ठाऊक नाही, शिवाय ब्राझील बोटीनं लांब. पण 'अनवाणी होतो म्हणून जाऊ दिलं नाही' यात एक दिमाख आहे, आणि 'महत्त्वाचं वाटलं नाही म्हणून गेलो नाही' यात तो नाही. त्यामुळे पहिलीच कथा टिकणार. बूट अखेर कसे आले? 1952 साली हेलसिंकीच्या गारठ्यात युगोस्लाव्हियाकडून 10-1 मार खाल्ला आणि मग संघटनेनं बूट सक्तीचे केले. खिळ्यांचा नियम ठणकणाऱ्या नडग्यांतून आला, आपला हा गारठलेल्या बोटांतून.

बुटाबद्दल चौथा नियम एका ठिकाणी अचानक उदार होतो, आणि ते वाचून बरं वाटतं. धावताना बूट किंवा शिनगार्ड चुकून निघालं तर चेंडू पुढच्या वेळी मैदानाबाहेर जाईपर्यंत खेळाडूनं ते परत घालावं. पण तोवर त्यानं एका बुटावर गोल मारला तर? तर गोल धरायचा. एवढं वाक्य कुणीतरी माणुसकीनं लिहिलंय. पावसाळ्यात चिखलाच्या मैदानावर खेळलेल्या कुठल्याही मराठी पोराला यातलं मर्म कळेल, कारण चिखलातून पाय बाहेर येतो आणि बूट तिथंच राहतो.

आता दागिने. इथं मात्र दयामाया नाही. माळा, अंगठ्या, कडी, कानातलं, चामड्याचे पट्टे, रबराचे पट्टे, सगळं बंद. वरून चिकटपट्टी लावून झाकलं तरी चालत नाही, काढायचंच. 2022 च्या वर्ल्ड कपमध्ये फ्रान्सचा ज्यूल्स कुंदे पोलंडविरुद्ध गळ्यात सोन्याची साखळी घालून चाळीसेक मिनिटं निवांत खेळला. टीव्हीवर लाखो लोकांना ती दिसत होती, मैदानात चार-पाच पंच उभे होते, त्यांना दिसली नाही. मध्यंतराच्या तोंडाशी दिसली आणि मग साखळी उतरवण्याचा सोहळा बाजूच्या रेषेपाशी पार पडला. हसू येतं, पण हा नियम का आहे हेही सांगून टाकतो. 2004 च्या डिसेंबरात स्वित्झर्लंडच्या सर्व्हेट क्लबचा पाउलो डिओगो संघाचा गोल झाल्याच्या आनंदात प्रेक्षकांच्या बाजूच्या कुंपणावर चढला. नुकतंच लग्न झालेलं, बोटात अंगठी. खाली उडी मारली तेव्हा अंगठी जाळीत अडकली आणि बोट तिच्याबरोबर राहिलं. रेफ्रीनं काय केलं असेल? त्याला पिवळं कार्ड दाखवलं, जल्लोष लांबवल्याबद्दल. हे मी रचलेलं नाही. इतकं काळं मला रचता येत नाही.

हा नियम आपल्या मैदानांवर लावताना रेफ्रीची परीक्षा असते. सोन्याची साखळी उतरवणं सोपं, ती फक्त सोन्याची असते. काळा गोफ, मनगटावरचा लाल दोरा, दंडावरचा ताईत, अमुक देवाचा गंडा यांचं काय? कोल्हापुरात तालमींच्या संघांचे सामने पाहायला शाहू स्टेडियमवर पेठाच्या पेठा लोटतात आणि मैदानात उतरताना बरेचजण आधी खालच्या मातीला आणि मग वरच्या देवाला हात लावून येतात. तिथल्यासारख्या मैदानावरचा संवाद साधारण असा जातो.

"ते हातातलं काढ."

"सर, आईनं बांधलाय."

"मग आईला घ्यायचं की टीममध्ये."

"सर, जोतिबाचा हाय."

"जोतिबाला कळतंय. काढ."

पोरगा दातानं गाठ सोडतो, दोरा बाहेर बसलेल्या मित्राच्या मनगटावर बांधतो आणि उतरतो. गोल झाला की पहिला त्या मित्राकडे पळतो. मनगटापर्यंत हे ठीक. करदोट्याचं काय करायचं हा प्रश्न मात्र मला छळतो. नियमातल्या यादीत तो बसतो की नाही यावर आठ मतांचं ते मंडळ अजून बसलेलं नाही, आणि तो तपासायला कुठलाही शहाणा रेफ्री वाकणार नाही.

रंगांकडे येऊ. नियम साधा: दोन्ही संघांचे रंग एकमेकांपासून आणि पंचांपासून वेगळे दिसले पाहिजेत. याहून सोपं काय असेल? तर 10 जून 1978, अर्जेंटिनातलं मार देल प्लाता, वर्ल्ड कपचा सामना, फ्रान्स विरुद्ध हंगेरी. दोन्ही संघ आधीच स्पर्धेबाहेर पडलेले, म्हणजे नुसती हजेरी लावायला आलेले. मैदानात उतरले तर दोन्ही संघ पांढऱ्या शर्टांत. निरोपांची काहीतरी गल्लत झाली होती. फ्रान्सचे निळे शर्ट कुठे? ब्युनोस आयर्समध्ये, चारशे किलोमीटरवर. दोन देशांचे अधिकारी, फिफाची माणसं, जगभरचे कॅमेरे, सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे. मग कुणाला तरी गावातला किंबर्ली नावाचा स्थानिक क्लब आठवला. त्यांच्याकडून हिरव्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचे शर्ट उसने आणले, आणि फ्रान्सचा राष्ट्रीय संघ, ज्यात मिशेल प्लातिनीसारखी मंडळी होती, गल्लीतल्या क्लबाच्या कपड्यांत वर्ल्ड कप खेळला. चड्ड्या मात्र स्वतःच्या. त्यामुळे काहींच्या शर्टावर एक आकडा आणि चड्डीवर दुसरा, आणि समालोचकांनी कुठल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा हे ज्याचं त्यानं ठरवायचं. सामना उशिरा सुरू झाला. फ्रान्सनं तो 3-1 जिंकला. त्या स्पर्धेतला त्यांचा तो एकुलता एक विजय, आणि तो उसन्या शर्टातला. एखाद्या देशानं यातून काही बोध घेऊन पट्ट्यांचे शर्ट कायमचे ठेवले असते. फ्रेंच स्वाभिमानी, त्यांनी परत केले.

मॅंचेस्टर युनायटेडचं दुखणं उलटं. 13 एप्रिल 1996 ला साउदम्प्टनच्या मैदानावर ते करड्या शर्टांत उतरले आणि मध्यंतरापर्यंत तीन गोल खाऊन बसले. मध्यंतरानंतर अख्खा संघ निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांत बाहेर आला. अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांचा खुलासा असा की करड्या शर्टातले सहकारी मागच्या गर्दीत एकमेकांना दिसतच नव्हते. सामना 3-1 असा गेला, म्हणजे दिसायला लागल्यावर त्यांनी एक गोल केला. तो करडा शर्ट घालून युनायटेड एकही सामना जिंकलं नव्हतं हे खरंच, त्यामुळे शर्टावर आळ घेणं अगदीच वाह्यात नव्हतं. पण परीक्षेत नापास झालेल्या पोरानं 'पेपरचा रंग डोळ्यांत जात होता' म्हणून सांगितलं तर आपल्याकडे त्याला कुणी दुसरा पेपर देत नाही.

यातली माझी आवडती तरतूद गोलींबद्दलची आहे. प्रत्येक गोलीचा रंग सगळ्यांपेक्षा वेगळा हवा. पण समजा दोन्ही गोलींचे शर्ट एकाच रंगाचे निघाले आणि बदलायला कुणाकडेच दुसरा नाही, तर? तर रेफ्रीनं सामना खेळू द्यावा. मला यात शहाणपण दिसतं. दोघं मैदानाच्या दोन टोकांना उभे, त्यांची गल्लत करायला माणूस फारच धडपड्या हवा.

शर्ट नीट घालण्याचे नियम झाले, आता काढण्याचे. गोल केल्यावर शर्ट काढला की पिवळं कार्ड. 2004 पासून हे सक्तीनं चालू आहे. तांत्रिकदृष्ट्या हे बाराव्या नियमात आहे, पण कपड्यांचाच विषय म्हणून इथं घेतो. आणि शर्टाखाली जे लिहिलेलं असतं, राजकीय, धार्मिक, वैयक्तिक, ते सगळं चौथ्यात बंद. इटालियन मारियो बालोटेल्लीनं 2011 साली मॅंचेस्टर युनायटेडविरुद्ध गोल करून शर्ट वर केला, तर आत छापलेलं, नेहमी मीच का? रेफ्रीनं पिवळं कार्ड दाखवून प्रश्नाचं उत्तर दिलं. स्पेनच्या आन्द्रेस इनिएस्तानं 2010 च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये जिंकून देणारा गोल केला आणि शर्ट काढला. आतल्या बनियनवर त्याच्या मृत मित्राचं, दानी हार्केचं नाव. त्यालाही पिवळं कार्ड. हॉवर्ड वेब हे रेफ्री, त्यांनी ते दाखवलं आणि नियमानुसार त्यांना दाखवायलाच हवं होतं. तरी मला वाटतं, त्या क्षणी कार्ड खिशातच राहिलं असतं तर फुटबॉल बुडालं नसतं. ब्राझीलचा नेमार तर याहून पुढचा. 2011 साली कोलो-कोलोविरुद्ध गोल केल्यावर त्यानं प्रेक्षकांकडून एक मुखवटा घेऊन तोंडावर चढवला. तो मुखवटा नेमारचाच होता. स्वतःचं तोंड स्वतःच्याच तोंडानं झाकल्याबद्दल त्याला दुसरं पिवळं आणि मग लाल कार्ड मिळालं. यावर वेदान्तात काही असावं.

आणि निकलास बेंटनर. युरो 2012, डेन्मार्क विरुद्ध पोर्तुगाल. गोल केला, चड्डी थोडी खाली सरकवली आणि आतल्या चड्डीचा हिरवा पट्टा कॅमेऱ्यासमोर धरला. त्यावर एका आयरिश सट्टा कंपनीचं नाव. युरोपच्या फुटबॉल संघटनेनं, युएफानं, दंड केला एक लाख युरो, वर एका सामन्याची बंदी. त्याच स्पर्धेत क्रोएशियाच्या प्रेक्षकांनी बालोटेल्लीला रंगावरून हिणवलं, त्याचा दंड क्रोएशियाच्या संघटनेला झाला ऐंशी हजार युरो. हे दोन आकडे मी शेजारी शेजारी लिहून ठेवले आहेत आणि अधूनमधून बघतो. चड्डीवरची अनधिकृत जाहिरात वीस हजारांनी महाग पडली. अधिकृत जाहिरातदारांचा मान राखायला हवा ना.

मानेपासून वरच्या गोष्टींत नियम हळूहळू मऊ होत गेला. 1936 च्या ऑलिंपिकमध्ये इटलीचा अन्निबाले फ्रोस्सी चष्मा लावून खेळला आणि त्यानं ढिगानं गोल केले. काचबिंदूमुळे एडगर डाविड्सला 1999 नंतर गॉगल लावावा लागला आणि तो इतका रुबाबदार दिसला की नंबर नसलेल्या पोरांनाही हवासा वाटला. 2006 च्या ऑक्टोबरात गोली पेत्र चेकची कवटी फुटली. बरा होऊन आला तो रग्बीची टोपी घालून, आणि निवृत्त होईपर्यंत ती त्यानं काढली नाही. युरो 2024 मध्ये एमबापेचं नाक मोडलं. त्यानं सरावाला फ्रान्सच्या तीन रंगांचा मुखवटा आणला, तर युएफाचं म्हणणं की वैद्यकीय साधन एकाच रंगाचं हवं. मग काळा मुखवटा आला. नाक कसं जुळतंय यापेक्षा रंग कसा जुळतोय याचीच काळजी अधिक. 2011 साली मात्र गळ्याभोवतीचे लोकरी पट्टे, स्नूड, बंद केले. पुण्यात डिसेंबरात सकाळी फिरायला निघणाऱ्या एकाही ज्येष्ठ नागरिकाला या नियमाखाली मैदानात पाऊल ठेवता येणार नाही.

हिजाबची गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही. सुरक्षेचं कारण देऊन तो बंद होता. 2011 च्या जूनमध्ये इराणच्या मुली अम्मानला ऑलिंपिक पात्रतेचा सामना खेळायला गेल्या, मैदानापर्यंत पोचल्या आणि न खेळता परतल्या. 2013 साली कॅनडातल्या क्युबेकच्या फुटबॉल संघटनेनं शीख पोरांच्या पटक्यांवर बंदी घातली, तीही सुरक्षेच्याच नावानं, आणि काही दिवसांत माघारी घ्यावी लागली. 2014 साली दोन्हींना नियमात जागा मिळाली. आता डोक्यावरचं आवरण काळं किंवा शर्टाच्या रंगाचं असावं आणि शर्टाला जोडलेलं नसावं, अशा मोजक्या अटी. 30 जुलै 2023 ला मोरोक्कोची नुहैला बेंझिना महिलांच्या वर्ल्ड कपमध्ये हिजाब घालून खेळली. मोरोक्को 1-0 जिंकलं. कुणाचा गळा आवळला गेल्याची नोंद नाही.

राहता राहिला गोली. त्याला चौथ्या नियमात एक सवलत आहे जी बाकी दहांना नाही: त्याला ट्रॅकसूटची पॅंट चालते. या एका ओळीवर हंगेरीच्या गाबोर किराय यानं अख्खी कारकीर्द काढली. तरुणपणी हालादाश क्लबाकडून खेळताना एकदा त्याची काळी पॅंट धुवायला गेली होती, म्हणून करडी चढवली. संघ जिंकायला लागला. मग ती करडी कोण काढतो? ढगळ, गुडघ्यावर फुगलेली, मोज्यांत खोचलेली. आपल्याकडे तिला लेंगाच म्हटलं असतं. बुंडेसलीगा, इंग्लंड, राष्ट्रीय संघ, सगळीकडे तोच लेंगा. पोशाखाचे करार करणाऱ्या कंपन्यांना काय वाटत असेल ते वाटो, नियमात पॅंटचा रंग कुणाशी जुळावा, ती शोभावी, तिला इस्त्री असावी, असं काही लिहिलेलं नाही.

युरो 2016 ला किराय चाळीस वर्षांचा होता. करड्या लेंग्यात उभा राहून त्यानं ऑस्ट्रियाला एकही गोल करू दिला नाही. पोर्तुगालच्या रोनाल्डोनं त्याला दोनदा चकवलं हे मान्य. रोनाल्डोचा भांग जागच्या जागी, मोजे मोजून दुमडलेले, शर्ट अंगाला शिवल्यासारखा. सामना 3-3 सुटला. गटातले सगळे सामने संपले तेव्हा लेंगेवाल्यांचा हंगेरी पहिला होता, आणि पुढं जाऊन करंडक उचलणारा पोर्तुगाल तिसरा.